कांट पाठ आहे, पण ‘परीक्षण करा’ म्हटलं की पेन अडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एफवायबीएला तत्त्वज्ञान घेतलंय. बारावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावीला तर्कशास्त्र नव्हतं. नीतिशास्त्रासाठी वर्गातल्या नोट्स आणि गाइड दोन्ही पाठ केलं. इंटर्नलला ‘कांटचा निरपेक्ष आदेश स्पष्ट करून त्याचे परीक्षण करा’ हा पंधरा गुणांचा प्रश्न आला (निरपेक्ष आदेश म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ कांटचा, कुणाच्या इच्छेवर किंवा फायद्यावर न टेकता सगळ्यांना लागू असलेला नैतिक आदेश). चार पानं लिहिली, पाच गुण मिळाले, आणि शेरा एकच: ‘परीक्षण कुठे आहे?’ मग वाचायचं काय, कसं, आणि या सगळ्याचा पुढे यूपीएससीच्या एथिक्सच्या पेपराला उपयोग होईल का?

तुमचं वाचन कमी पडलेलं नाही, हे त्या चार पानांवरूनच कळतं. अशा उत्तरपत्रिका दर सत्राला गठ्ठ्याने येतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. पहिलं अर्धं पान कांटचा जन्म १७२४ चा, गाव क्योनिग्सबर्ग, त्याच्या फिरण्याच्या वेळेवर लोक घड्याळं लावत. मग ‘कर्तव्यासाठी कर्तव्य’, मग निरपेक्ष आदेशाची तिन्ही सूत्रं, एखादं उदाहरण, आणि शेवटी ‘अशा प्रकारे कांटचे विचार आजही मोलाचे आहेत’. यात खोटं काही नाही. पण तपासणारा यात युक्तिवाद शोधत असतो: कुठल्या आधारविधानांवरून कांट कुठल्या निष्कर्षाला जातो आणि त्यातली कुठली पायरी कच्ची आहे. इतर विषयांत मुद्दे मोजून गुण मिळतात, त्या सवयीने इथेही मुद्देच मोजून लिहिले जातात आणि गाडी पाचावर अडते.

काही गोष्टी तुमच्या विद्यापीठावर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. तुमच्या अभ्यासक्रमात मूळ ग्रंथांतले उतारे नेमले आहेत की नुसते विषय दिलेत? पेपर किती गुणांचा, किती वेळाचा? नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची मांडणी ठिकठिकाणी वेगळी झाली आहे, त्यामुळे मागच्या बॅचच्या प्रश्नपत्रिका डोळे झाकून वापरू नका. उत्तर मराठीत लिहिणार असाल तर तुमच्या शिक्षकांचेच पारिभाषिक शब्द वापरा. एका वहीत डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे इंग्रजी पुस्तकातला, एवढं टिपण पुरतं. पुस्तकागणिक शब्द बदलतात आणि तपासणाऱ्याला तुमची संज्ञा अनोळखी वाटली तर उगाच गुण जातात.

आता कांटच घेऊ, कारण पद्धत एका जागी नीट दिसली की मिल, ॲरिस्टॉटल अशा इतर विचारवंतांनाही तीच लावता येते.

‘ग्राउंडवर्क’ या त्याच्या १७८५ च्या छोट्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात चार उदाहरणं आहेत: आत्महत्या, खोटं वचन, स्वतःतले गुण वाया घालवणं आणि गरजूला मदत न करणं. परीक्षेला खोट्या वचनाचं उदाहरण सगळ्यात सोयीचं. एक माणूस पैशांच्या अडचणीत आहे. कर्ज हवंय, फेडता येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि ‘परत करीन’ असं वचन दिल्याशिवाय कोणी पैसे देणार नाही हेही ठाऊक आहे. वचन द्यावं का?

हा उतारा वाचताना कागदावर पायऱ्या मांडा, प्रत्येक पायरी एका वाक्यात. पहिली: माणूस जाणूनबुजून काही करतो तेव्हा त्यामागे एक सूत्र असतं (त्याचा स्वतःचा वागण्याचा नियम, इंग्रजीत ‘मॅक्झिम’; निरपेक्ष आदेशाची तीन सूत्रं वेगळी), ‘अशा परिस्थितीत, या हेतूने, मी असं करीन’ या घाटाचं. दुसरी: इथलं सूत्र आहे ‘पैशांची गरज पडली की फेडायचं नसतानाही फेडण्याचं वचन देऊन मी कर्ज घेईन’. तिसरी: जे सूत्र सगळ्यांसाठी नियम व्हावं असं मला त्याच वेळी इच्छिता येत नाही, त्यानुसार वागणं अनैतिक. चौथी: हे सूत्र सगळ्यांचा नियम झालं तर असल्या वचनावर कोणी विश्वास ठेवणार नाही, लोक हसतील. पाचवी: पण माझा बेत तर समोरच्याच्या विश्वासावरच उभा आहे. सहावी: म्हणून हे सूत्र नियम म्हणून इच्छिणं आणि त्याच सूत्राने कर्ज मिळवणं ही एकमेकांना छेद देणारी इच्छा झाली. निष्कर्ष: खोटं वचन देणं अनैतिक.

अशा सहा-सात ओळी लिहायला पहिल्यांदा तासभर लागेल. लागू द्या. नोट्समधल्या दहा पानांपेक्षा या ओळी जास्त कामाच्या आहेत, कारण आता ‘परीक्षण’ कशाचं करायचं ते समोर दिसतंय. प्रत्येक पायरीशी थांबून ‘हे का मानायचं?’ एवढंच विचारायचं.

पण परीक्षणाच्या आधी स्पष्टीकरणातच तीन जागी घसरगुंडी होते. चौथ्या आणि पाचव्या पायरीत सगळ्यात मोठी. उत्तरात हमखास येणारं वाक्य: ‘कांटच्या मते खोटे बोलणे चुकीचे आहे, कारण सर्व जण खोटे बोलू लागले तर समाजात गोंधळ माजेल.’ हे वाक्य कांटच्या नावावर उपयुक्ततावाद, म्हणजे परिणामांतल्या सुखावरून कृती जोखणारं मत, खपवतं. गोंधळ माजेल हा परिणाम झाला, आणि परिणाम तोलून कृती ठरवणं कांटला मान्यच नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘कांट येथे परिणाम मोजत नाही. खोट्या वचनाचे सूत्र सार्वत्रिक नियम झाले तर वचनावरचा विश्वासच नाहीसा होतो, आणि विश्वासावाचून हे कर्ज मिळणे शक्य नाही. मी जो नियम इच्छितो तोच माझा बेत अशक्य करतो. दोष या अंतर्विरोधात आहे. समाजाचे किती नुकसान झाले हा प्रश्न येथे उद्भवत नाही.’ चार-पाच वाक्यं आहेत, पण विद्यार्थ्याला कांट समजलाय हे तपासणाऱ्याला तिथेच कळतं.

दुसरी घसरण: ‘आपल्याला जे नको ते दुसऱ्याशी करू नये’ हाच निरपेक्ष आदेश, असं लिहिणं. वर्गातही हे सर्रास सांगितलं जातं. कांटने त्याच पुस्तकात एका तळटीपेत हे स्पष्ट नाकारलंय. त्याचं म्हणणं असं की मग गुन्हेगारही न्यायाधीशाला म्हणू शकेल, ‘तुम्हाला शिक्षा झालेली आवडेल का? मग मला का देता?’ शिवाय ‘मला कोणी मदत करू नका, मीही कोणाला करणार नाही’ असं म्हणणाऱ्याला तो सुवर्णनियम मोकळं सोडतो. ही तळटीप उत्तरात दोन ओळींत आली तरी बाकीच्या गठ्ठ्यातून तुमची उत्तरपत्रिका वेगळी उठते.

तिसरी: निरपेक्ष आदेशाच्या माणुसकीच्या सूत्रातला ‘केवळ’ हा शब्द गाळणं. कांट ‘माणसाला साधन म्हणून वापरू नका’ असं म्हणत नाही. तसं असतं तर एसटीत बसणंही अनैतिक ठरलं असतं, कारण ड्रायव्हर तुमच्या प्रवासाचं साधन होतोच. ‘केवळ साधन म्हणून वापरू नका, त्याच वेळी साध्य म्हणूनही वागवा’ असं तो म्हणतो.

आता परीक्षण. इथे गाइडमध्ये ‘कांटचे नीतिशास्त्र कठोर आहे, शुष्क आहे, भावनांना स्थान नाही’ अशी यादी असते. प्रत्येक आक्षेप एका ओळीत, आणि कुठलाच वर मांडलेल्या पायरीला जाऊन भिडत नाही. यादीपेक्षा दोनच आक्षेप घ्या, पण शेवटापर्यंत न्या: आक्षेप, कांटच्या बाजूने उत्तर, मग ते उत्तर पुरतं का.

पहिला आक्षेप तिसऱ्या पायरीवर. समजा माझं सूत्र आहे, ‘सकाळी सातची लोकल रिकामी असते म्हणून मी तिनेच जाईन’. सगळ्यांनी हा नियम केला तर सातची लोकल खच्चून भरेल आणि माझा बेत फसेल. म्हणजे सातच्या लोकलने जाणं अनैतिक? असं कोणीच म्हणणार नाही. मग चाचणी निरुपद्रवी कृतींनाही नापास करते, असा आक्षेप. कांटच्या बाजूने उत्तर देता येतं: तुमचं खरं सूत्र ‘सातची लोकल’ हे नाहीच, ‘जी गाडी रिकामी असेल तिने जाईन’ हे आहे, आणि ते सगळ्यांनी पाळलं तरी विसंगती येत नाही, सातची भरली तर लोक दुसरी धरतील. उत्तर चांगलं आहे. पण आता आक्षेप घेणारा म्हणेल, सूत्र कसं मांडायचं हे सोयीने ठरवता येत असेल तर कर्जबुडव्यालाही ती मुभा द्या. तोही म्हणेल, ‘घरात आजारी माणूस असताना, सावकार गब्बर असताना, फक्त एकदाच’ असं माझं सूत्र आहे. सूत्राचं योग्य वर्णन कुठलं हे ठरवायची कसोटी कांटने पुरेशी स्पष्ट केलेली नाही, असा निष्कर्ष तुम्ही काढू शकता. किंवा माणूस कृती करताना ज्या हेतूने खरोखर चालतो तेच सूत्र धरायचं, असं म्हणून कांटची बाजू राखू शकता. कुठलीही बाजू घ्या, गुण सारखेच. गुण त्या तीन पावलांना आहेत.

दुसरा आक्षेप प्रसिद्ध आहे: दारात मारेकरी उभा आहे, मित्र तुमच्या घरात लपलाय, आणि मारेकरी विचारतो, तो आत आहे का? फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंटला दिलेल्या १७९७ च्या उत्तरात कांट तिथेही खोटं बोलायची परवानगी देत नाही. त्याचं एक कारण असं की तुम्ही ‘नाही’ म्हणालात, मित्र तोवर मागच्या बाजूने निसटला असेल आणि मारेकऱ्याशी त्याची बाहेर गाठ पडली, तर त्या मृत्यूची जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते. हे कारण बारकाईने बघा. परिणाम न मोजणारा माणूस इथे परिणामांचीच भाषा बोलतोय का, हा प्रश्न उत्तरात विचारलात तर परीक्षण सुरू झालं.

मराठी विद्यार्थ्याकडे इथे एक सामग्री आयती आहे आणि ती फार थोडे वापरतात. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. नेहमी खरंच बोलायचं व्रत घेतलेला हा ब्राह्मण, दरोडेखोरांनी विचारल्यावर लोक कुठे लपलेत ते सांगून टाकतो. लोक मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. प्रसंग जवळपास तोच, निकाल कांटच्या उलट. टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ या दुसऱ्या प्रकरणात सत्य, अहिंसा अशा धर्मांच्या अपवादांचीच चर्चा केली आहे आणि पाश्चात्य नीतिशास्त्रज्ञांनाही तिथे हजेरी लावायला लावली आहे. ते एक प्रकरण वाचा. भाषा जुनी असली तरी वीस पानांत हात बसतो. कांटच्या बाजूने उत्तर हवं असेल तर तत्त्वज्ञ क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी १९८६ च्या लेखात दाखवलंय की सार्वत्रिकतेचं सूत्र (वरच्या तिसऱ्या पायरीतलं) घेतलं तर मारेकऱ्याशी खोटं बोलणं बसू शकतं, माणुसकीच्या सूत्रात मात्र ते अवघड जातं. म्हणजे सूत्रं एकमेकांशी पूर्ण जुळतात का, हा नवा मुद्दा निघतो. पहिल्या वर्षाला इतकं पुष्कळ झालं.

पंच्याहत्तर गुणांचा पेपर अडीच तासांचा असेल तर पंधरा गुणांना तीस मिनिटं येतात. पाच मिनिटं कच्चा आराखडा, दहा-बारा मिनिटं युक्तिवाद, तेवढीच आक्षेपांना, उरलेली तुमच्या निष्कर्षाला. जन्म-मृत्यू-गाव वजा केलंत की वेळ पुरतो. पहिल्याच परिच्छेदात तुमची भूमिका एका वाक्यात लिहून टाका. उत्तर म्हणजे रहस्यकथा नव्हे.

वाचनाबद्दल. मूळ ग्रंथाला घाबरून सगळे नोट्सकडे पळतात, आणि नोट्समध्ये नेमक्या मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. चॅटबॉटकडून काढलेल्या सारांशाचंही तेच: वाचायला गुळगुळीत, आणि ‘म्हणून’च्या आधी काय होतं ते गायब. पूर्ण ग्रंथ वाचायची गरज नाही. प्रत्येक विचारवंतामागे चार-पाच पानांचा एक उतारा निवडा आणि तो तीनदा वाचा. पहिल्यांदा सलग, न थांबता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन ‘म्हणून’, ‘कारण’, ‘समजा’, ‘तरीही’ यांच्याभोवती गोल करत. तिसऱ्यांदा समासात फक्त एक गोष्ट लिहा: इथे कोण बोलतंय? ही तिसरी फेरी गाळली की काय होतं ते मिलच्या बाबतीत दरवर्षी दिसतं. ‘युटिलिटेरियानिझम’ १८६१ मध्ये मासिकातून आणि १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्याचं दुसरं प्रकरण जवळजवळ सगळं आक्षेपांना उत्तरं देण्यात गेलंय. सुखाला परमसाध्य मानणं हे डुकरांना शोभणारं मत आहे, हा विरोधकांचा आक्षेप मिल तिथे आधी मांडतो आणि मग सुखांमध्ये उच्च-नीच प्रत असते असं म्हणून खोडतो. उत्तरपत्रिकेत मात्र येतं, ‘मिलच्या मते उपयुक्ततावाद हे डुकरांचे तत्त्वज्ञान आहे.’ बिचारा मिल.

इंग्रजी जड जात असेल तर ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ या संकेतस्थळावर कांट, मिल, ह्यूम, देकार्त यांचे ग्रंथ सोप्या इंग्रजीत करून फुकट ठेवलेत. मराठीत मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन आहेत, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ असेल तर संज्ञा तपासायला त्याच्याइतकं हाताशी काही नाही. स्टॅनफर्डचा ऑनलाइन तत्त्वज्ञान-कोश उत्तम आहे, पण पहिल्या वर्षाला त्यातली नोंद पूर्ण वाचायच्या फंदात पडू नका. प्रस्तावना आणि हवा तो एक विभाग बास.

तर्कशास्त्र नव्हतं याचं फार वाईट वाटून घेऊ नका. युक्त (आधारविधानं मानली की निष्कर्ष मानावाच लागतो असा) आणि अयुक्त युक्तिवादातला फरक, आधारविधान खोटं असूनही युक्तिवाद युक्त असू शकतो हे, आणि प्रतिउदाहरण कसं द्यायचं, एवढं दोन आठवड्यांत होतं. बारावीचं तर्कशास्त्राचं पाठ्यपुस्तक त्यासाठी पुरे. सोबत ह्यूमचा एक मुद्दा पक्का करा: नुसत्या ‘आहे’च्या विधानांवरून ‘असावं’चा निष्कर्ष निघत नाही, मध्ये एखादं ‘असावं’चं आधारविधान लागतं. ‘सगळेच कॉपी करतात, म्हणून त्यात गैर काही नाही’ यात कुठलं विधान गाळलंय ते शोधता आलं की झालं.

वर्गातल्या चर्चेत एक वाक्य सगळ्यांना वाचवतं असं वाटतं: ‘शेवटी प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरच असतं.’ उत्तरात ते निष्कर्ष म्हणून कधीही लिहू नका. समाजासमाजात नैतिक मतं वेगळी असतात ही निरीक्षणाची गोष्ट झाली. त्यामुळे कुठलंच मत चूक नसतं, हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा युक्तिवाद लागतो. शिवाय तो दावा मानला तर अस्पृश्यता पाळणाऱ्या समाजाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणायचा आधारच उरत नाही. हे परिणाम स्वीकारून सापेक्षतावाद मांडणार असाल तर जरूर मांडा, पण मांडा.

‘गीतेचा निष्काम कर्मयोग आणि कांट यांची तुलना करा’ हाही लाडका प्रश्न आहे. साम्य दोन ओळींत संपतं: फळाकडे न बघता कर्तव्य. भेदावर वेळ घालवा. कांटचं कर्तव्य विवेक असलेल्या प्रत्येकाला सारखंच लागू आहे. गीतेतला स्वधर्म वर्ण आणि भूमिका यांच्याशी बांधलेला आहे, आणि लोकसंग्रह (समाज एकत्र राखणं) व मोक्ष हे संदर्भही कांटकडे नाहीत. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांत केलेला भेद इथे चपखल बसतो: नियम अमुक कर म्हणून सांगतो, तत्त्व कृती जोखायची रीत देतं, आणि जबाबदारी तत्त्वासोबतच येते. स्वधर्म हा नियम आहे की तत्त्व, या एका प्रश्नावर अर्धं उत्तर उभं राहतं.

घरी सराव करायचा तर आठवड्याला एकच युक्तिवाद घ्या आणि वर्गातला एक जोडीदार शोधा. एकाने पायऱ्या मांडायच्या, दुसऱ्याने एकाच पायरीवर हल्ला करायचा, पहिल्याने उत्तर द्यायचं, आणि मग बाजू बदलायच्या. पाऊण तास पुरतो. त्यानंतर त्याच दिवशी तीस मिनिटं लावून उत्तर लिहा, नाहीतर चर्चेत सुचलेलं सगळं चहाच्या कपासोबत जातं. लिहिलेलं शिक्षकांना दाखवताना ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका. ‘माझी चौथी पायरी टिकते का?’ असं विचारा. असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक शिक्षक तास संपल्यावरही थांबून वेळ देतात.

राहिला यूपीएससीचा प्रश्न. २०१३ पासून मुख्य परीक्षेत असलेला सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर २५० गुणांचा आहे, आणि त्याची जात वेगळी आहे. त्यात विचारवंत येतात, पण मोठा भाग प्रशासनातल्या प्रसंगांचा असतो: पर्याय मांडा, निर्णय घ्या, समर्थन करा, तेही मोजक्या शब्दांत. कांटचा अंतर्विरोध तिथे कोणी सहा पायऱ्यांत मागणार नाही. समर्थन करताना कारण आणि निष्कर्ष जोडायची सवय तेवढी कामी येईल. त्या पेपरासाठी आत्तापासून वेगळी पुस्तकं घेऊ नका. तयारी टीवायला सुरू केली तरी चालते, आणि तुमची पुढची इंटर्नल त्याच्या बरीच आधी आहे.